नळी, लोकर आणि रोडरोलर
पाटसच्या टोलनाक्यावरून रात्री ‘इंदोरी’ सायलेन्सरची बुलेट गेली की अख्ख्या आळीच्या झोपेचं खोबरं होतं. चौफुल्याच्या तमाशातल्या ढोलकीला निदान ताल तरी असतो. रेस ट्रॅकवर पळवायच्या स्पोर्ट्‌स कारचा सायलेन्सर बदलणाऱ्याचं कोडं वेगळं, पण तेही बहुतेक जण कानांनीच सोडवतात. सायलेन्सरची नळी जितकी रुंद तितकी ताकद जास्त, ही समजूत काही केल्या जात नाही. खरं तर सिलिंडरमधून सुटलेला धुराचा झोत मागचा धूर आपल्यासोबत ओढून नेतो. नळी गरजेपेक्षा रुंद केली की झोत मंदावतो आणि वळणातून बाहेर पडताना, नेमकी ताकद हवी तिथेच, गाडी ढिम्म. सायलेन्सरच्या डब्याच्या आत असते भोकं पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती काचेच्या लोकरीचं अस्तर. उष्णतेने ही लोकर झिजते, उडून जाते, आणि घुमणारी गाडी फाटक्या आवाजात खडखडू लागते. म्हणून डबा खोलता येणारा, अस्तर बदलता येणारा घ्यावा. टायटॅनियम वजनाला हलकं, खिशाला जड; ३०४ स्टेनलेस स्टील पुरे. ट्रॅक चेन्नई, कोइम्बतूरसारख्या ठिकाणी. तिथवर गाडी ट्रेलरवर नेणार असाल तर ठीक, रस्त्याने चालवणार असाल तर आवाजाची मर्यादा मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आडवं येतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जप्त सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याचे फोटो पाहिले असतीलच. तिथे टायटॅनियमवाल्याला सूट नसते.