पादुका निघाल्या, दिंडी राहिली

ज्या गाण्यांना काल वडीलधारी माणसे धांगडधिंगा म्हणत आणि कानांवर हात ठेवीत, ती गाणी आज जगातल्या मोठमोठ्या वस्तुसंग्रहालयांत जाऊन बसली आहेत. जिथे राजेरजवाड्यांची चिलखते आणि चिनी मातीची भांडी मांडली जात, तिथे आता रॉक गायकांचे कोट आणि गिटारी मांडल्या जातात. पुढे त्या पेट्यांत भरून देशोदेशी नेल्या जातात आणि लोक रांगा लावून, तिकिटे काढून त्यांचे दर्शन घेतात. यात वाईट काय, असे कोणीही विचारील. गाण्याला प्रतिष्ठा मिळाली, याचा आनंदच व्हायला हवा. मलाही तो झाला असता. परंतु प्रतिष्ठा नेमकी कोणाला मिळाली याचा हिशेब करू लागलो, की गाणे कुठेच सापडत नाही. कोट सापडतो, झगा सापडतो, घराची किल्ली सापडते, ओठांचा रंग टिपलेला कागदसुद्धा सापडतो. माझे म्हणणे थोडक्यात एवढेच आहे, की ही फिरती प्रदर्शने लोकप्रिय संगीताचा इतिहास सांगण्याचा आव आणतात आणि त्यातून 'लोक' तेवढे गाळून टाकतात.

उदाहरण घ्यायचे तर सर्वांत चांगले घ्यावे. वाईटाला झोडपण्यात पुरुषार्थ नाही. डेव्हिड बोवी (१९४७–२०१६) या इंग्रज गायकावरचे प्रदर्शन लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने मार्च २०१३ मध्ये भरवले. बोवीने आयुष्यभर आपले कागद, कपडे, वाद्ये जपून ठेवली होती. त्यांतल्या तीनशेहून अधिक वस्तू निवडून मांडल्या होत्या. मांडणीत स्वतः बोवीचा हात नव्हता, हे संग्रहालयाने स्पष्ट केले होते आणि ते त्याला भूषणावह होते. लंडनमध्येच तीन लाखांवर लोकांनी ते पाहिले. मग ते टोरांटो, साओ पावलो, बर्लिन, शिकागो, पॅरिस, मेलबर्न, ग्रोनिंगेन, बोलोन्या, टोकियो आणि बार्सिलोना असे फिरत फिरत २०१८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये पोचले आणि तिथे संपले. पाच वर्षांत सुमारे वीस लाख प्रेक्षक! एवढी गर्दी आमच्या एखाद्या साहित्यसंमेलनाला झाली, तर मंडप कोसळेल.

मी ते लंडनला पाहिले. मांडणी देखणी होती, हे मी आधीच कबूल करून टाकतो. गाण्याचे हस्तलिखित मसुदे मी बराच वेळ पाहत उभा होतो. बोवी लिहिलेल्या ओळी कात्रीने कापून त्यांची पुन्हा जुळणी करी. ती खोडाखोड, ते तुकडे पाहताना एक कारागीर कामाला बसलेला दिसत होता. पण मान वर करून भोवती पाहिले आणि मी चरकलो. दालनात शेकडो माणसे होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हते. प्रत्येकाच्या कानांवर एका जर्मन कंपनीची यंत्रे होती. ज्या काचेपुढे उभे राहावे त्या काचेचे गाणे कानांत आपोआप सुरू व्हावे, अशी ती योजना. शेजारचा माणूस दुसऱ्याच काचेचे गाणे ऐकत होता. शेवटच्या दालनात मोठ्या पडद्यांवर जलसे दाखवीत, तेवढ्यापुरता आवाज मोकळा होता आणि लोकही तिथे रेंगाळत होते. त्या रेंगाळण्याचा अर्थ मांडणी करणाऱ्यांनी घ्यायला हवा होता. ज्या गाण्यांवर माणसे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून ओरडली, नाचली, ती गाणी ऐकण्यासाठी माणसांना एकमेकांपासून तोडावे लागले, यापेक्षा मोठा विपर्यास मला सुचत नाही.

वस्तूंना मिरवत नेण्याचे आम्हां मराठी माणसांना नावीन्य नाही. आषाढी एकादशीला आळंदीहून ज्ञानोबांच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरपूरला नेतात. पण वारी म्हणजे पादुका पाहण्याची सोय नव्हे. मैलभर मागे चालणाऱ्या वारकऱ्याला पालखीचे छत्रसुद्धा दिसत नाही, आणि त्याचे त्यावाचून अडत नाही. अभंग पालखीत नसतो. तो दिंडीच्या तोंडी असतो. पादुका हे निमित्त. चालणारा, गाणारा माणूस हा खरा ऐवज. २०२० साली साथीमुळे पादुका एस. टी.च्या गाडीने पंढरपूरला न्याव्या लागल्या. पादुका वेळेवर पोचल्या, पण यंदा वारी झाली, असे कोणाच्या मनाला वाटले नाही. वारी चुकली, हीच हळहळ घरोघर होती. लोकप्रिय संगीताची ही फिरती प्रदर्शने म्हणजे बारमाही २०२० साल आहे. पादुका या शहरातून त्या शहरात अगदी वेळेवर पोचत आहेत. दिंडी मात्र घरी बसली आहे.

आता पालखीचे मानकरी कोण, तेही पाहू. जानेवारी २०२२ मध्ये बोवीच्या गाण्यांचे हक्क वॉर्नर कंपनीने विकत घेतले. वृत्तपत्रांनी २५ कोटी डॉलरच्या घरातला आकडा छापला. पुढच्याच वर्षी बोवीचा सारा संग्रह व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडे येणार, असे जाहीर झाले आणि त्यासाठी जे एक कोटी पौंड मिळाले, ते वॉर्नर म्युझिक आणि ब्लाव्हाटनिक कुटुंबाचे प्रतिष्ठान यांचे होते. सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्व लंडनमध्ये या संग्रहाचे केंद्र उघडले. तिथे प्रवेश फुकट आहे, हे चांगले आहे. संग्रह विखुरला नाही, हे त्याहून चांगले आहे. देणगीदारांनी कोणावर दडपण आणले, असे मी म्हणत नाही. त्याची गरजच पडत नाही. ज्याच्या मालकीचे गाणे, त्याच्याच पैशाने गाण्याचे देऊळ उभे राहिले, की त्या देवळात गाण्याच्या जमाखर्चाची चौकशी कोण करणार? गाणे कोणी लिहिले, हे भिंतीवर येईल. आज ते कोणाचे आहे, केवढ्याला विकले गेले, हे किती भिंतींवर येईल?

रोलिंग स्टोन्स या मंडळींनी तर एवढाही आडपडदा ठेवला नाही. २०१६ साली लंडनच्या साची गॅलरीत त्यांच्यावरचे जे प्रदर्शन भरले आणि पुढे अमेरिकेत फिरले, ते त्यांच्याच सहभागाने उभे राहिले होते. १९६२-६३ च्या सुमारास ही पोरे चेल्सीतल्या ज्या गलिच्छ बिऱ्हाडात राहत, ते बिऱ्हाड तिथे हुबेहूब उभारले होते. घाणेरडी भांडी आणि सिगारेटची थोटकेसुद्धा! दारिद्र्याचा देखावा श्रीमंतीच्या तिकिटावर. स्वतःचे चरित्र स्वतः लिहायला कोणाची ना नाही, पण त्याला आत्मचरित्र म्हणावे. इतिहास म्हणू नये.

कोणी म्हणेल, वस्तुसंग्रहालय वस्तूच मांडणार. गाणे काचेत कसे घालायचे? हा आक्षेप सर्वांत सबळ आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो. २००८ साली याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने सुप्रीम्स या अमेरिकन त्रयीचे झगे मांडले. हा संग्रह त्या त्रयीतल्या मेरी विल्सन यांनी जपलेला होता आणि पुढे तो इतरत्रही फिरला. काळ्या मुलींनी असे झगे घालून गोऱ्यांच्या रंगमंचावर उभे राहण्याला काही अर्थ होता आणि काळ्यांच्या हक्कांच्या लढ्याशी त्याचा संबंध प्रदर्शनाने जोडला होता. ठीक. पण सुप्रीम्सची बारा गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, ती झग्यांमुळे नव्हेत. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीत रोजीवर वाजवणाऱ्या वादकांचा एक ताफा होता. त्यांना 'फंक ब्रदर्स' म्हणत. त्या काळातल्या कंपनीच्या बहुतेक गाजलेल्या गाण्यांखाली त्यांचाच ताल आहे. आणि कंपनीच्या मोठ्या तबकडीवर त्यांची नावे छापली गेली ती १९७१ साली, मार्विन गे याच्या तबकडीवर. तोवर दशकभर त्यांनी सारा देश नाचवला आणि देशाला त्यांची नावे ठाऊक नव्हती. त्यांच्यातला बेस गिटार वाजवणारा जेम्स जेमर्सन १९८३ साली वारला. मरणापूर्वी थोडेच दिवस त्याचे वाद्य चोरीला गेले होते.

म्हणजे वस्तूंवरून इतिहास लिहायचा, तर सुप्रीम्सला इतिहास आहे आणि जेमर्सनला नाही. कारण त्याने झगा घातला नाही आणि त्याचे वाद्य चोराने नेले! ही काय इतिहासाची कसोटी झाली? मी म्हणतो, रिकामी काच मांडा. तिच्याखाली जेमर्सनचे नाव लिहा. शेजारी वादकांना काय रोजी मिळे त्याचा कागद लावा, ज्यावर त्यांचे नाव नाही ती तबकडी लावा. मग तेच गाणे मोकळ्या आवाजात वाजवा आणि फक्त त्याच्या बोटांकडे कान देऊन ऐका, असे लोकांना सांगा. गाणे काचेत मावत नाही, हे खरे. पण त्याचा हिशेब मावतो.

या रीतीचे टोक पाहायचे तर लिलावगृहात जावे लागते. पाचगणीच्या शाळेत शिकलेला आणि तिथेच पहिला वाद्यवृंद जमवलेला फारूख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याच्या लंडनच्या घरातल्या वस्तू २०२३ साली सदबीज या लिलावगृहाने न्यूयॉर्क, लॉस अँजेलिस आणि हाँगकाँगला फिरवून आणल्या, लंडनला महिनाभर फुकट दाखवल्या आणि मग विकल्या. विक्री सुमारे चार कोटी पौंडांची झाली. त्यातला काही भाग एड्सविरुद्धच्या कामाला गेला, तेही नमूद केले पाहिजे. मला सलते ते एका दाराचे. त्या घराच्या बागेचे हिरवे दार चाहत्यांनी वर्षानुवर्षे आपल्या अक्षरांनी भरून टाकले होते. साऱ्या संग्रहात ऐकणाऱ्यांच्या हातची एवढी मोठी खूण दुसरी नव्हती. तेही लिलावात निघाले आणि चार लाख बारा हजार साडेसातशे पौंडांना गेले. लिहिले लोकांनी, पैसे देऊन नेले भलत्याने!

दुसरा मार्ग नाही, असे मात्र नाही. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने 'न्यू हार्मनीज' नावाचे एक साधे प्रदर्शन २००७ पासून खेड्यापाड्यांत फिरवले. विषय होता ब्लूज, गॉस्पेल, कंट्री, तेहानो अशा मातीतल्या गाण्यांचा. लहान गावचे वाचनालय किंवा छोटे संग्रहालय ते मागवून घेई. मुख्य गोष्ट अशी, की यजमान गावाने त्याला आपली भर घालायची: गावातले जुने वादक, गावातली वाद्ये, गावातले कार्यक्रम. तिथे कोणाचा सोनेरी कोट नव्हता. पण पेटी गावात आली म्हणजे गावाला आपले गाणे आठवावे लागे. मी जिला दिंडी म्हणतो, ती हीच.

हे सारे परक्यांचे गाऱ्हाणे नव्हे. आज ना उद्या आपल्याकडेही लोकप्रिय संगीताची अशी प्रदर्शने निघतील, आणि आपला ओढा पादुकांकडे अंमळ अधिकच आहे. नटसम्राटांचे शालू येतील, संगीतकारांच्या पेट्या येतील, विठाबाई नारायणगावकरांचे घुंगरू येतील. येऊ देत. पण घुंगरांशेजारी फडाच्या सुपारीचा कागद हवा: गावाने किती कबूल केले, किती दिले, बाईच्या हातात किती पडले. नारायणगावच्या राहुट्यांत हे व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या होत आले. तो इतिहास घुंगरात वाजत नाही. आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतातले गोव्याचे वादक? शंकर-जयकिशनच्या गाण्यांना वाद्यमेळाची बांधणी देणारे सेबॅस्टियन डिसूझा, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. यांतल्या दुसऱ्यांचे नाव १९७७ साली चित्रपटातल्या एका पात्राच्या तोंडी आले, म्हणून देशभर झाले. आणि ते खऱ्या माणसाचे आहे, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हते. फंक ब्रदर्सची कथा आमच्या दाराशी घडली आहे. डेट्रॉइटला जायला नको.

म्हणून प्रदर्शन भरवणाऱ्यांकडे माझे तीन मागणे आहे. प्रत्येक गाण्याच्या पाटीवर त्याचा आजचा मालक लिहा. गाणाऱ्याच्या नावाखाली वाजवणाऱ्यांची नावे आणि त्यांना मिळालेली रक्कम लिहा. कागद सापडत नसेल तर जागा कोरी ठेवा, पण ठेवा. आणि ज्या गावी जाल त्या गावासाठी एक भिंत रिकामी सोडा आणि एक संध्याकाळ मोकळी ठेवा, ज्या संध्याकाळी कानांवरची यंत्रे काढून लोकांनी तीच गाणी स्वतः म्हणावीत. सूर चुकतील, शब्द विसरतील, कोणी भलत्याच पट्टीत धरील. लोकप्रिय गाणे आजवर जगले ते अशाच गळ्यांवर जगले आहे, आणि त्याचा इतिहास मांडायला निघालेल्यांनी त्या गळ्यांना तिकीट काढून गप्प बसवू नये.