अत्यावश्यक म्हणजे काय, हे ठरवणार कोण?

आमच्या वस्तीतली बारावी झालेली एक मुलगी माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आली. अभ्यासक्रमाचं नाव भलंमोठं : अत्यावश्यक पायाभूत सुविधांचं संरक्षण. वीज, पाणी, रेल्वे, बँका, दूरसंचार या यंत्रणा घातपातापासून आणि बिघाडापासून कशा वाचवायच्या, याचं पदवीच्या पायरीवरचं प्रमाणपत्र. प्रवेशाच्या टेबलावरचे सर तिला म्हणाले, "यात रात्रपाळ्या असतात. तू ब्यूटीपार्लरचं बघ."

रात्रपाळ्या! नळाला पहाटे तीनला पाणी येतं, तेव्हा उठतं कोण?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. ऐन कोविडमध्ये रुग्णालयं जनरेटरवर आली. पुढे २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शंका बोलून दाखवली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. वाद तेवढाच झाला. पण पंप बंद पडला की हंडा बाईच्या कमरेवर येतो, हे कुणाच्या अहवालात येतं?

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७० वाचा. जी संगणकयंत्रणा ठप्प झाली तर देशाची सुरक्षा, अर्थव्यवस्था, सार्वजनिक आरोग्य किंवा सुरक्षितता यांना जबर धक्का बसेल, ती अत्यावश्यक. अशा यंत्रणांसाठी २०१४ मध्ये राष्ट्रीय केंद्र स्थापन झालं. २०१५ मध्ये आधारचं मध्यवर्ती माहितीकोठार 'संरक्षित' ठरलं. त्यात घुसखोरी केली तर दहा वर्षांपर्यंत कैद. ठीकच आहे. पण रेशन दुकानात भांडी घासून झिजलेलं बोट यंत्र ओळखत नाही, किंवा सर्व्हर बंद असतो. बाई मजुरी बुडवून रिकामी पिशवी घेऊन परतते. त्याला शिक्षा कुणाला? कोठार चोरापासून राखलं. पण ते जिच्यासाठी उघडायचं, तिच्यासाठी उघडलं नाही, तर याला संरक्षण म्हणायचं का?

आपल्यातल्याच काही जणी म्हणतात, हा पोलिसी विषय, आपल्या मुलींना त्यात कशाला ढकलायचं? बायांनो, पाळत ठेवणाऱ्या यंत्रणांची भीती मलाही आहे. पण आपण बाहेर राहिलो म्हणून ही यादी थांबणार नाही, ती आपल्यावाचून होईल. एक यंत्रणा कोलमडली की दुसरी कशी कोसळते, हा या अभ्यासाचा गाभा. वीज गेली की पाणी, पाणी गेलं की शाळा, शाळा गेली की मुलगी घरात, ही साखळी आपण रोज जगतो. कायद्यात 'सार्वजनिक आरोग्य' हा शब्द आहेच. तो आपला आहे, असं ठणकावून सांगणाऱ्या मुली तिथे हव्यात.

म्हणून मागणी साधी आहे. मुलींना सल्ला नको, प्रवेश द्या. अभ्यासक्रमात वीजकेंद्राबरोबर सार्वजनिक नळ आणि रेशनचं यंत्रही येऊ द्या. आणि यंत्रणा बंद पडल्यावर तिचा भार कुणाच्या अंगावर पडतो, हा प्रश्न परीक्षेत सक्तीचा करा.

त्या मुलीचा अर्ज आम्ही भरला आहे. रात्रपाळीसकट.