झाकलेली घाण आणि विकतचा सुगंध

दूरचित्रवाणीवरील सुगंधी फवाऱ्यांच्या जाहिरातींचा एक ठरलेला साचा आहे. दारावरची घंटा वाजते, पाहुणे येतात आणि गृहिणीचा चेहरा ओशाळवाणा होतो. कोपऱ्यात बुटांचा ढीग असतो, सोफ्यावर ओला टॉवेल पडलेला असतो. ती टॉवेल उचलत नाही, बूट बाहेर ठेवत नाही, खिडकीही उघडत नाही. ती एक डबा उचलते आणि कळ दाबते. पडद्यावर निळीजांभळी फुले उमलतात आणि पाहुणे तृप्त होऊन दीर्घ श्वास घेतात. ओला टॉवेल तेथेच असतो.

घाण ही काढावयाची नसून झाकावयाची असते, हा संस्कार या काही सेकंदांत घरोघरच्या मुलांवर होतो. आमचा मूळ आक्षेप या संस्काराला आहे. डब्यातील द्रव्याचा विचार त्यानंतरचा.

तरी तोही करावयास हवाच. या डब्यांवर घटकांची संपूर्ण यादी बहुधा नसते. ‘सुगंधी द्रव्ये’ या एका शब्दात सारे गुंडाळलेले असते. फवाऱ्याने दुर्गंधीचे मूळ नष्ट होत नाही. तिच्यावर दुसरा, अधिक तीव्र वास चढवला जातो, एवढेच. लिंबाचा वास देणारे लिमोनीन हवेतील ओझोनशी संयोग पावले की त्यातून फॉर्माल्डिहाइड तयार होते. कपाटात व मोरीत टाकल्या जाणाऱ्या डांबराच्या गोळ्यांची कथा याहून वाईट आहे. त्या नॅप्थलीनच्या असोत वा पॅराडायक्लोरोबेंझीनच्या, दोहोंचीही गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता असलेल्या’ पदार्थांत केली आहे. काही बालकांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची जन्मजात उणीव असते. अशा बालकाला डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी न धुता वापरली, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. बारशाची कुंची काढताना किती घरांत हे आठवते?

आमच्या परिचयातील एका घरी चार वर्षांच्या मुलाला रात्री खोकल्याची उबळ येत असे. खोली वातानुकूलित, खिडक्या बंद आणि पलंगाशेजारी विजेच्या खोबणीत खोचलेली सुगंधाची कुपी अहोरात्र चालू. वैद्यकीय उपचारांबरोबर ती कुपी काढली आणि सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडण्याचा नेम केला. खोकला समूळ गेला असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल, पण मूल रात्री झोपू लागले. घरातील कोणालाच त्या कुपीचा वास येईनासा झाला होता, हे विशेष. सतत येणारा वास नाक काही मिनिटांत नोंदवणे सोडून देते. म्हणून मनुष्य कुपीची मात्रा वाढवत नेतो.

येथवर वाचून आपल्यापैकी अनेकांनी समाधानाने मान डोलावली असेल. “आमच्या घरी असले विदेशी प्रकार नाहीत, आम्ही उदबत्ती लावतो!” क्षमा असावी, पण बाजारातील बहुसंख्य स्वस्त उदबत्त्यांत चंदन, ऊद, नागरमोथा यांचा लवलेश नसतो. कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि जिगत यांची कच्ची काडी कृत्रिम सुगंधात बुडवून काढली जाते आणि तो सुगंध पातळ करण्यासाठी बहुधा डायइथाइल थॅलेट नावाचे रसायन वापरले जाते. पुड्यावर देवतेचे चित्र असते एवढ्याने आतील रसायन सात्त्विक होत नाही. काडीही स्वदेशी असेलच असे नाही. बांबूच्या बनांच्या या देशात उदबत्तीच्या काड्या चीन आणि व्हिएतनाममधून येत राहिल्या. अखेर 2019 मध्ये उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घालावे लागले आणि 2020 मध्ये बांबूच्या काड्यांवरील आयातशुल्क 10 टक्क्यांवरून 25 टक्के करावे लागले.

शिवाय धूर तो धूर. अस्सल धुपाच्या धुरातही सूक्ष्म कण असतातच आणि बंद खोलीत ते दम्याच्या रुग्णाच्या छातीत जातात. आपले म्हणून ते निरुपद्रवी, हा युक्तिवाद आपल्याला शोभत नाही. ज्या घरांत धूप जळत असे त्या घरांना कौलांतून आणि झरोक्यांतून हवा खेळती होती. सरकत्या काचांच्या सदनिकेत तोच धूप कोंडून राहतो. पूजेला एक काडी लावावी, खिडकी उघडी ठेवावी. सहाणेवर उगाळलेले चंदन तर धुराशिवायच दरवळते. कापराची डबी मुलांच्या हाताला लागू देऊ नये. थोडा कापूर गिळल्यानेही लहान मुलाला झटके येऊ शकतात.

मग करावे काय? प्रथम वासाचा उगम शोधावा. न्हाणीघराच्या जाळीखालील वाकड्या नळीत नेहमी थोडे पाणी साचलेले असावे लागते. तेच गटारातील वायू अडवून धरते. पाहुण्यांसाठी राखलेल्या न्हाणीघरात ते वाळून जाते आणि खोली ‘कोंदट’ वाटू लागते. आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओतले की काम होते. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून चार बोटे दूर सरकवावे, नाहीतर मागे बुरशी धरते. गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवावे. ओला कचरा रोजच्या रोज बाहेर जावा.

मासळीच्या वासाचे शास्त्र आमच्या कोकणातील गृहिणींना अनुभवाने ठाऊक होते. तो वास मुख्यतः ट्रायमिथिलअमाइन या अल्कधर्मी द्रव्याचा. आम्लाशी संयोग झाला की त्याचा न उडणारा क्षार होतो. म्हणून मासळीला आगळ आणि हाताला व भांड्याला चिंच किंवा लिंबाची साल. शाकाहारी घरांनी यावर फार आनंदू नये. चिरून ठेवलेल्या कोबीने आणि मुळ्याने त्यांच्या फ्रिजमध्ये काय केले आहे ते एकदा पाहावे. वाटीभर खायचा सोडा उघडा ठेवला तर पुष्कळ फरक पडतो.

एवढे केल्यावर सुगंधाची गरज फार थोडी उरते आणि जी उरते तिच्यासाठी आपल्याकडे ऐश्वर्य आहे. घंगाळात पाणी घेऊन त्यावर मोगरा, सोनचाफा सोडावा. बकुळ आणि सुरंगी सुकल्यावरही आपला वास सोडत नाहीत. जुन्या पेटीतील शालू उलगडताना पडलेली बकुळीची तपकिरी फुले अनेकांना स्मरत असतील. कपड्यांच्या घड्यांत डांबरगोळ्यांऐवजी वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वाळ्याची जुडी ठेवावी. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याचा पडदा लावून पाणी शिंपडले की गारवा आणि गंध एकदमच आत येतो.

पहिल्या पावसाच्या मातीचा गंध कनौजच्या कारागिरांनी भाजलेल्या मातीच्या अर्कातून चंदनतेलात कधीच उतरवून ठेवला होता. 1964 मध्ये ऑस्ट्रेलियातील बेअर आणि थॉमस या शास्त्रज्ञांनी त्या गंधाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले, तेव्हा भारतातील या मातीच्या अत्तराचा उल्लेख त्यांनी प्रांजळपणे केला. त्या अत्तराचा एक थेंब कापसाच्या बोळ्यावर पुरतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. “आमची खिडकी नाल्यावर उघडते. ती उघडून काय करू?” अशी लक्षावधी घरे आपल्या शहरांत आहेत आणि त्यांना मोगऱ्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा ठरेल. परंतु डब्याचा व्यापार सर्वाधिक फोफावतो तो तेथेच. खिडकी बंद करून डबा आणला, की नाला साफ करा म्हणणारा एक नागरिक कमी झाला. वर्षाकाठी फवाऱ्यांवर जाणाऱ्या पैशात अर्जाचे कितीतरी कागद येतात. अर्ज प्रभाग कार्यालयात द्यावा, पोच घ्यावी, पंधरा दिवसांनी पुन्हा जावे आणि जाताना इमारतीतील आणखी चौघांना बरोबर न्यावे.