जिवाभावाचे मित्र, होडी आणि मशरूम

क्रांती चौकात चहा घेताना ओळखीच्या एका तरुणाने विचारलं, "डॉक्टर, आम्ही चौघे मित्र पैठणला चाललोय. नाथसागरात होडी, रात्री काठावर मुक्काम आणि थोडे मॅजिक मशरूम. नैसर्गिकच असतात ना? आणि सगळे जिवाभावाचे आहेत."

उभ्या उभ्या पूर्ण उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे देतो. हाच प्रश्न तुमच्या घरातही कुणाच्या तरी मनात असेल.

त्याने पाहिलेले व्हिडिओ सगळेच खोटे नाहीत, हे आधी मान्य करतो. मशरूममधल्या सायलोसायबिनवर जॉन्स हॉपकिन्ससारख्या विद्यापीठात गंभीर संशोधन झालंय. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी ठरावीक मानसोपचारतज्ज्ञ ते देऊ शकतात. पण तिथली सुरक्षितता त्या मशरूममध्ये नसते. मात्रा मोजलेली असते. प्रशिक्षित, पूर्ण शुद्धीवरची माणसं पाच-सहा तास शेजारून हलत नाहीत. आणि मुख्य म्हणजे आधी चाळणी लागते: स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला स्किझोफ्रेनिया, बायपोलर असेल तर सहसा घेतच नाहीत.

मी त्याला हेच विचारलं. थोडा थांबून म्हणाला, "मामांना आहे." मित्रांना ठाऊक आहे? "नाही."

हे आजार बहुधा विशीच्या आसपासच डोकं वर काढतात, आणि सहलीला निघालेल्यांचं वयही तेच. एका रात्रीची गंमत अशा मुलाला कित्येक महिन्यांच्या आजारात ढकलू शकते. जिवाभावाचा मित्र ते थांबवणार कसा? त्यानेही तेच खाल्लेलं असतं! एखादा घाबरून धरणात उतरायला निघाला, तर त्याला धरणार कोण?

आता 'नैसर्गिक'बद्दल. महाशिवरात्रीला आपण महादेवाला धोत्र्याचं फळ वाहतो, तेही नैसर्गिकच. मशरूम मिळाले नाहीत की कुणीतरी धोत्र्याच्या बियांची शक्कल काढतो. त्यातलं अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन हे सरळ विष आहे. तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, ताप चढतो, लघवी तुंबते, नाडी धावते. माणूस नसलेल्या लोकांशी बोलू लागतो आणि आपण भ्रमात आहोत हेही त्याला कळत नाही. एका फळातल्या बिया दुसऱ्याइतक्याच तीव्र असतील याचा भरवसा नाही. रानातल्या मशरूमचं तर विचारूच नका. काही विषारी जातींत उलट्याच सहा तासांनंतर सुरू होतात, आणि तोवर यकृतावर घाला पडलेला असतो.

माझा खरा राग मात्र पुढच्या गोष्टीवर आहे. त्रास झाला की हेच मित्र रुग्णाला तासन् तास तंबूत झोपवून ठेवतात, 'उतरेल' म्हणतात, आणि दवाखान्यात आणल्यावर 'काहीतरी बाहेरचं खाल्लं' असं सांगतात. पोलिसांची भीती मला समजते; सायलोसायबिन आणि एलएसडी दोन्ही १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येतात. पण खोट्या माहितीवर आम्ही उपचार करायचे कसे?

नाथसागरात होडी चालवा, लाइफ जॅकेट घालून. आणि कुणी काही खाल्लंच असेल, तर त्याला पाण्यापासून दूर न्या, एकटं सोडू नका, १०८ ला फोन करा. उरलेल्या बिया, मशरूम, असेल ते पिशवीत घालून सोबत आणा आणि किती वाजता, किती खाल्लं ते खरं सांगा.