निवडक पन्नास आणि बाकीचे हजारो

गेल्या चौथीच्या सुट्टीत बहिणीच्या घरी गेलो होतो. आरती झाली, प्रसाद झाला, मोठी माणसे व्हरांड्यात गप्पा मारीत बसली आणि सोळा वर्षांचा माझा भाचा मात्र आपल्या खोलीत संगणकासमोर जाऊन बसला. बहीण म्हणाली, "दादा, तू मास्तर आहेस, तूच सांग त्याला काहीतरी. दिवसरात्र लढाई, लढाई!" ही तक्रार मी पालकांच्या प्रत्येक सभेत ऐकतो आणि खरे सांगायचे तर मानही डोलावतो. त्या दिवशी मात्र उपदेश करण्यापूर्वी मुलगा करतो तरी काय ते पाहावे असे वाटले. पाहायला म्हणून बसलो आणि दोन संध्याकाळी तिथेच गेल्या.

खेळाचे नाव 'हार्ट्स ऑफ आयर्न ४'. स्वीडनच्या पॅराडॉक्स कंपनीने तो ६ जून २०१६ रोजी, म्हणजे नॉर्मंडीच्या स्वारीच्या स्मरणदिनी, बाजारात आणला. यात बंदूक घेऊन धावायचे नसते. १९३६ किंवा १९३९ साली एक देश हाती घ्यायचा आणि त्याचे कारखाने, भरती, रसद, सैन्य सारे सांभाळायचे. डिव्हिजन कशी असावी हेही आपणच ठरवायचे. पायदळाच्या एका बटालियनला १००० माणसे लागतात, तोफखान्याच्या बटालियनला ५०० माणसे आणि ३६ तोफा. तोफा वाढवल्या की मारा वाढतो, पण डिव्हिजनचा दम कमी होतो. कारण हा दम म्हणजे तिच्यातल्या सगळ्या बटालियनींची सरासरी असते. शिवाय इंजिनियर, इस्पितळ, दुरुस्ती, संदेशवहन यांच्या छोट्या तुकड्या जोडाव्या लागतात. हे सारे जमवताना माझा भाचा जी बेरीज-वजाबाकी करीत होता, ती त्याने वर्गात केली असती तर त्याचे गणिताचे मास्तर धन्य झाले असते!

त्याचा खरा जीव मात्र खास दलांवर. पहाडी सैनिक, समुद्रातून उतरणारे मरीन आणि विमानातून उड्या घेणारे छत्रीधारी. ही दले तयार व्हायला अधिक काळ लागतो, पण आपल्या जागी ती साध्या पायदळापेक्षा कितीतरी सरस. मग सगळे सैन्य तसलेच का करू नये? भाच्याने हाच प्रयत्न केला होता, पण खेळ ते करू देत नाही. एकूण सैन्याच्या प्रमाणातच खास दले ठेवता येतात. ही अट प्रथम आली तेव्हा मर्यादा शेकडा ५ होती. भाच्याने यावरही तोड काढली. अर्धवट शिकलेल्या, पुरत्या बंदुकाही नसलेल्या बटालियनी त्याने ढीगभर उभ्या केल्या. कागदावर सैन्य मोठे झाले, मर्यादा वर सरकली आणि त्याला आणखी मरीन मिळाले. "मामा, बाकीचे फक्त मोजायला आहेत," तो हसत क्रेओलमध्ये म्हणाला.

दुसऱ्या संध्याकाळी त्या "मोजायच्या" सैन्याची फळी फुटली. मरीन शत्रूच्या मुलखात शूरपणे पुढे गेले होते. मागचे बंदर गेले, रसद तुटली आणि त्याची सारी लाडकी दले तीन बाजूंनी वेढून संपली. पोरगा हिरमुसला. मला मात्र आपल्या शेजारच्या समुद्रातली एक खरी लढाई आठवली.

मे १९४२. जपानी आरमार हिंदी महासागरात येऊन गेले होते, म्हणून इंग्रजांनी मादागास्करचे दिएगो-सुआरेझ बंदर फ्रान्सच्या विशी सरकारकडून घ्यायचे ठरवले. ५ मे रोजी सैन्य उतरले. पायदळाच्या ब्रिगेडी बंदराकडे निघाल्या आणि फ्रेंचांच्या पक्क्या तटबंदीपुढे अडल्या. तेव्हा ६ मेच्या रात्री 'अँथनी' नावाची विनाशिका केवळ ५० मरीन घेऊन काळोखात तोफांच्या माऱ्यातून थेट बंदरात शिरली. त्या पन्नास जणांनी शत्रूच्या पाठीशी असा गोंधळ माजवला की शहर हाती आले. गोष्ट इथे संपवली तर भाच्याचेच खरे. पण त्याच रात्री समोरून ब्रिगेडींचा हल्लाही चालू होता. फ्रेंच सैन्य त्या साध्या पायदळाने समोर गुंतवून ठेवले नसते, तर पन्नास माणसे सकाळपर्यंत पकडली गेली असती.

दुसरे उदाहरण ब्रह्मदेशाचे. १९४३ साली विंगेटचे सुमारे ३००० चिंडिट जपानी फळीच्या मागे जंगलात गेले. परत आले सुमारे २२००, आणि त्यांतले ६०० पुन्हा कधी लढण्यालायक झाले नाहीत. त्यांच्या धाडसाने लोकांना धीर आला हे खरे. पण पुढे ब्रह्मदेश जिंकला तो जनरल स्लिमच्या चौदाव्या सैन्याने, आणि त्यात बहुसंख्य होते साधे हिंदी पायदळ. १९५६ साली आपल्या पुस्तकात स्लिमने स्वच्छ मत दिले आहे: खास दलांसाठी उत्तम माणसे उचलून नेली की उरलेले सैन्य कमकुवत होते आणि नेहमीच्या पलटणीची हिंमतही खचते, चांगली शिकवलेली साधी बटालियन यांतली बहुतेक कामे करू शकते. खेळ तयार करणाऱ्यांनी अट घातली ती तरी याहून वेगळे काय सांगते?

साध्या पायदळात शूर नसतात असे कोणी समजू नये. १० जुलै १९४४ रोजी इटलीत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले सारे मशीनगनच्या माऱ्यात पडले. ते एकटे त्या ठाण्यावर धावून गेले, ते काबीज केले आणि तिथेच शत्रूच्या गोळीने गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते कोकणातल्या माणगावकडचे, आणि आपल्या बहुतेकांचे आजे-पणजे त्याच कोकणातून मुंबई बंदरात येऊन इथल्या जहाजात चढले.

येथवर मी खेळाच्या बाजूने बोललो. आता त्याचे उणे. खेळात मनुष्यबळ हा वरच्या पट्टीतला एक आकडा असतो. ऐच्छिक भरतीवरून सक्तीच्या भरतीवर गेले की आकडा फुगतो, लढाई झाली की घटतो. त्या आकड्याला घर नाही, भाषा नाही, राग नाही. आपल्या बेटाला मात्र त्या आकड्याची किंमत ठाऊक आहे. डिसेंबर १९४३ मध्ये मॉरिशस रेजिमेंटची पहिली बटालियन त्याच दिएगो-सुआरेझला पाठवली गेली. हजेरीपटावर ती बटालियनच होती. पण बेटाच्या रक्षणासाठी नाव नोंदवलेल्या माणसांना समुद्रापार नेले होते, शिक्षण अपुरे होते आणि अधिकारी व शिपाई यांच्यामध्ये वर्णाची भिंत उभी होती. तिथे पोहोचताच शिपायांनी हुकूम मानायचे नाकारले. त्यांची हत्यारे काढून घेतली गेली आणि अनेकांवर लष्करी खटले चालले. संगणकाच्या पडद्यावर अशी बटालियन हिरव्या रंगात, अगदी सज्ज दिसली असती.

माझ्या आजाचे धाकटे भाऊ पायोनियर दलात इजिप्तला होते. रस्ते खणणे, पेट्या उतरवणे हे त्यांचे काम. भाच्याच्या भाषेत तेही "मोजायचे"च. पण वाळवंटातली आठवी सेना अशाच हातांनी वाहिलेल्या पाण्यावर आणि पेट्रोलवर चालत होती. म्हातारा कधी बढाई मारीत नसे. एवढेच म्हणे की थंडीत हात फुटायचे.

वाचक म्हणतील, मास्तर, लढाईचे आम्हांला काय? आहे, आणि ते माझ्या वर्गात आहे. दर वर्षी एच.एस.सी.चा निकाल लागला की लॉरिएट मुलांना खांद्यावर घेऊन नाचवतात. त्यांचे कौतुक व्हावेच. आपल्या मराठी समाजातले नाव त्यात आले की मीही पेढे वाटतो. पण ती आपली खास दले झाली. बाकीच्या फळीचे काय? ज्या ज्या शाळांत मी शिकवले, तिथे अनुभवी मास्तर वरच्या तुकडीला आणि नवशिका खालच्या तुकडीला हीच रीत पाहिली. मीही नवशिका असताना खालच्या तुकडीवरच पडलो होतो, आणि बढती मिळाल्यासारखा आनंदाने वरच्या तुकडीत गेलो, हेही कबूल केले पाहिजे. प्रशिक्षणाच्या वर्षात शिकवले होते की धडा आखताना शेवटच्या बाकावरचा मुलगा डोळ्यांपुढे ठेवा. परीक्षेला ते लिहिले, गुण मिळाले आणि वर्गात विसरलो. पुढे तीच खालच्या तुकडीतली मुले बस चालवतात, इस्पितळात रुग्ण उचलतात, विजेच्या तारा जोडतात. वादळाच्या दिवशी बेट त्यांच्याच जिवावर उभे असते.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे की खेळावर सरसकट बंदी घालू नका. वेळेचे बंधन घाला, पण एखाद्या संध्याकाळी मुलाशेजारी बसा आणि विचारा: ही बटालियन कुठल्या माणसांची? त्यांना खायला कोण नेते? आकडा घटला तो कोणाच्या घरी घटला? आणि शिक्षकबंधूंना विनंती अशी की नव्या वर्षी वर्ग वाटले जातील तेव्हा आपल्यातल्या जुन्या-जाणत्यांनी एक तरी खालची तुकडी मागून घ्यावी. मी मागितली आहे.

माझ्या भाच्याने खेळ पुन्हा सुरुवातीपासून मांडला. या वेळी त्याने आधी साधी पायदळे पुरी केली. मग एकदम विचारले, "मामा, इजिप्तवाल्या आजोबांचा फोटो आहे का?" माझ्याकडे नाही. ज्यांच्या घरी पायोनियर किंवा रेजिमेंटच्या काळातले फोटो, पगाराची वही, पदक असे काही पेटीत पडले असेल, त्यांनी ते फेकू नये. आमच्या शनिवारच्या मराठी वर्गात घेऊन यावे. मुलांना ते हातात घेऊन पाहू द्यावे.