औषधाची परीक्षा आणि रुग्णाचा वेळ

लघवीची धार बारीक होणे, रात्री तीन-चार वेळा उठावे लागणे या तक्रारी साठीनंतरच्या पुरुषांत इतक्या सर्रास आढळतात की बहुतेक जण त्या वयावर ढकलून मोकळे होतात. बहुतेकांना प्रोस्टेट ग्रंथीची साधी वाढच असते, कर्करोग नव्हे. काही थोड्यांच्या बाबतीत मात्र कंबर दुखते म्हणून फोटो काढावा, तो कर्करोग हाडांत पोहोचलेला दिसतो. अशा वेळी रुग्णाचा मुलगा हमखास विचारतो, "डॉक्टर, नवीन काही औषध निघालंय का हो?" आज या 'निघण्या'विषयीच लिहायचे आहे. औषध नुसते निघून भागत नाही, ते सिद्ध करावे लागते. आणि सिद्ध करण्याची रीत शहाणपणाची असेल तर रुग्णांची वर्षे वाचतात.

या कर्करोगाला पुरुषी संप्रेरकाचे, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचे, खतपाणी लागते हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवले. त्याबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून पसरलेल्या रोगावर पहिला उपचार तोच आहे: दोन्ही वृषणे काढून टाकणे किंवा इंजेक्शने देऊन संप्रेरक बंद करणे. दुखणे कमी होते, माणूस हिंडू-फिरू लागतो. पण काही काळाने रोग त्यातूनही वाट काढतो. मग सुरुवातीलाच जोडीला आणखी काही द्यावे काय? हा प्रश्न विचारायला सोपा, उत्तर मिळवायला महाकठीण.

कारण जुनी रीत अशी की एका वेळी एका औषधाची परीक्षा. निम्म्या रुग्णांना नेहमीचा उपचार, निम्म्यांना नेहमीचा अधिक नवा. या रोगाचे रुग्ण उपचारावर बरीच वर्षे जगतात ही आनंदाची गोष्ट, पण त्यामुळे आयुष्य वाढले की नाही हे कळायलाही बरीच वर्षे लागतात. औषध निरुपयोगी ठरले तर पुन्हा नवी परवानगी, नवा पैसा, नवे रुग्ण आणि पहिल्यापासून श्रीगणेशा. दरम्यान ज्यांना उत्तर हवे होते ते निघून गेलेले असतात.

आपल्या शेतकरी वाचकांना यातले शहाणपण पटकन कळेल. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर तुरीचे पाच वाण तपासायचे तर पाच वेगवेगळ्या वर्षी, प्रत्येकाशेजारी नेहमीचा वाण पेरून, कोणी तपासत बसत नाही. एकाच हंगामात, एकाच रानात सगळे पेरतात आणि तुलनेला नेहमीचा वाण एकदाच लावतात. कोणता वाण कोणत्या वाफ्यात हे चिठ्ठी टाकून ठरवतात, म्हणजे चांगल्या जमिनीचा फायदा एकालाच मिळत नाही. ही चिठ्ठीची पद्धत इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड येथील शेतीसंशोधनातच रोनाल्ड फिशर यांनी शास्त्रशुद्ध केली. औषधशास्त्राने ती शेतीकडून उचलली आहे.

हाच विचार प्रोस्टेटच्या कर्करोगात ब्रिटनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या 'स्टॅम्पीड' या चाचणीत केला गेला. तिथल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणी विभागाने ती आखली, पुढे स्वित्झर्लंडमधले रुग्णही आले. सुरुवातीला गट सहा. एका गटाला फक्त नेहमीचा संप्रेरक उपचार. बाकी पाच गटांना त्याच्या जोडीला डोसेटॅक्सेल हे केमोथेरपीचे इंजेक्शन, हाडांसाठी झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, सांधेदुखीवर आपण देतो ते सेलेकॉक्सिब, किंवा यांतली जोडी. नेहमीच्या उपचाराच्या गटात इतर गटांच्या दुप्पट रुग्ण घेतले, कारण प्रत्येकाची तुलना त्याच गटाशी व्हायची होती. पाच चाचण्यांना पाच तुलनागट लागले असते, इथे एकात भागले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वार्षिक परीक्षेआधीच्या चाचणी परीक्षा. अखेरचा निकाल आयुष्यावरच लागणार. पण मधल्या टप्प्यांवर रक्तातले पीएसए पुन्हा चढले का, रोग पुढे सरकला का, एवढे पाहून हिशेब करायचा. जे औषध या टप्प्यावर अपेक्षित चमक दाखवणार नाही, त्या गटात नवे रुग्ण घेणे बंद. हा हिशेब चाचणी चालवणाऱ्यांखेरीज वेगळ्या तज्ज्ञांची समिती पाहते. २०११ साली सेलेकॉक्सिबचे दोन्ही गट असेच बंद झाले. माझ्या मते ही त्या चाचणीची मोठी कमाई आहे. वर्तमानपत्रांत त्याची बातमी होत नाही, पण न चालणाऱ्या गोळीपासून पुढचे किती रुग्ण वाचले याचा विचार करा.

आणि रिकाम्या जागी त्याच वर्षी अ‍ॅबिराटेरॉनचा नवा गट आला. नवी चाचणी उभारावी लागली नाही. तीच रुग्णालये, तेच डॉक्टर, तीच वही.

फळ काय मिळाले ते सांगतो. डोसेटॅक्सेल सुरुवातीलाच दिलेल्या गटाचे मध्यम आयुर्मान ७१ महिन्यांवरून ८१ महिन्यांवर गेले; हा निकाल २०१५च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडने आयुष्य वाढले नाही. अ‍ॅबिराटेरॉनचा निकाल २०१७ साली आला: तीन वर्षांनी शंभरातले ८३ रुग्ण हयात होते, नुसत्या संप्रेरक उपचारावर ७६. २०१८ साली ग्रंथीवर किरण देण्याचा निकाल आला. पसरलेल्या रोगात सरसकट फायदा नाही, पण ज्यांच्यात रोग थोड्याच ठिकाणी पसरला होता त्यांच्यात तीन वर्षांनी ७३ऐवजी ८१ जण हयात. मधुमेहाची आपली स्वस्त मेटफॉर्मिन गोळीसुद्धा तपासली. २०२४ साली कळले की तिने आयुष्य वाढते असे सिद्ध होत नाही, मात्र उपचारामुळे वाढणारे वजन आणि साखर आटोक्यात राहते. दोन रुपयांच्या गोळीची अशी परीक्षा कोणती कंपनी घेईल? ही चाचणी सार्वजनिक संस्थेच्या हाती होती म्हणून ते झाले. २०२३ साली भरती थांबली तोवर सुमारे बारा हजार पुरुष तिच्यात सामील झाले होते.

या रीतीला मर्यादा नाहीत असे नाही. पीएसए उतरले म्हणजे आयुष्य वाढलेच असे नसते. म्हणून टप्प्याच्या परीक्षेत नापास करणे ठीक, पण तेवढ्यावर कोणाला पहिला नंबर देऊ नये.

आता आपल्याकडे पाहू. अ‍ॅबिराटेरॉनचा ठरलेला डोस उपाशीपोटी रोज १००० मिलिग्रॅम. अन्नाबरोबर ते कितीतरी जास्त शोषले जाते. अमेरिका व सिंगापूरमध्ये झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ७२ रुग्णांच्या चाचणीत न्याहारीबरोबर २५० मिलिग्रॅमने पीएसए पूर्ण डोसाइतकेच उतरले. म्हणजे चौथाई औषध, चौथाई खर्च! पण रुग्ण फक्त ७२ आणि मोजमाप पीएसएचे. आयुष्याचे काय, हे तपासायला मोठी चाचणी हवी. आपले औषध चौपट कमी खपावे म्हणून कोणता कारखानदार पैसे घालेल? (वाचकांनी हे वाचून आपल्या मनाने गोळ्या कमी करू नयेत. हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचे.)

असे प्रश्न आपलेच आहेत आणि ते आपणच सोडवले पाहिजेत. ते जमते याचे पुरावे आहेत. क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्येच ठेवावे लागते ही समजूत मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या चाचणीने खोटी ठरवली. घरी राहून औषधे घेणारेही तसेच बरे झाले. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने डोके व मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब या महागड्या औषधाचा अगदी थोडा डोस १५१ रुग्णांच्या चाचणीत तपासला आणि तो उपयोगी पडल्याचे २०२२ साली दाखवले. २०१२ सालापासून देशभरच्या कर्करोग रुग्णालयांचे नॅशनल कॅन्सर ग्रिड आहे. एक तुलनागट आणि त्याभोवती आपल्या खिशाला पेलतील असे चार-पाच उपचार, अशी कायमची चाचणी सरकारी पैशावर चालवायला काय हरकत आहे?

अडचण येते ती 'प्रयोग' या शब्दाची. गेल्या वर्षी एक गृहस्थ चाचणीचे संमतीपत्र घेऊन माझ्याकडे आले. "वडिलांवर प्रयोग करणार म्हणतात, सही करू का?" त्यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. आपल्या देशात चाचण्यांमध्ये गैरप्रकार झाले आहेत. पण कागद वाचल्यावर त्यांना कळले की चिठ्ठीत कोणताही गट आला तरी नेहमीचा पूर्ण उपचार वडिलांना मिळणारच होता. 'स्टॅम्पीड'मध्येही तसेच होते. उपचाराविना कोणी नव्हते.

असा कागद तुमच्या हाती आला तर घाई करू नका. तो मराठीत मागा, घरी न्या, घरच्या डॉक्टरांना दाखवा. नेहमीच्या उपचारातले काही काढून घेतले जाणार आहे का, हे पहिले विचारा. चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येते आणि त्यामुळे पुढचा उपचार नाकारता येत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर भरपाईची तरतूद २०१९च्या नियमांत आहे. नैतिकता समितीची मंजुरी आहे का पाहा. आणि सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागा. २००९पासून अशी नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक सांगता येत नसेल तर सही करू नका.