खाणीतले प्लास्टिक किलोच्या भावाने विकू नका

प्लास्टिक म्हटले की आपल्या बाजारात बादली, मग आणि पातळ पिशवी एवढेच डोळ्यांसमोर येते. स्वस्त, हलके, मोडले तर फेकून द्यावे असे. मी तीस वर्षे कापडाची तिजारत केली आणि माझीही समजूत याहून वेगळी नव्हती. कोळशाच्या आणि दगडाच्या कामात प्लास्टिकचा काय संबंध, असेच मी म्हटले असते. पण काही वर्षांपूर्वी भाच्याच्या धंद्यात माझे थोडे पैसे अडकले आणि त्या निमित्ताने या विषयात डोके घालावे लागले. त्यातून जे समजले ते आपल्या लूमच्या गावांतील लहान कारखानदारांपुढे ठेवीत आहे.

भाच्याचा भिवंडीत लेथचा एक गाळा आहे. शटलच्या लूमचे सुटे भाग तो बनवतो. ज्यांनी लूम चालवली आहे त्यांना पिकर सांगावा लागत नाही. मिनिटाला शंभर-दीडशे वेळा धोटा फेकायचा तर त्याला ठोसा देणारा तुकडा किती चिवट हवा! पूर्वी हा पिकर म्हशीच्या कातड्याचा असे, तो तेलात मुरवून वापरावा लागे. पुढे त्याची जागा एका पांढऱ्या, मेणासारख्या गुळगुळीत प्लास्टिकने घेतली. त्याचे पूर्ण नाव अल्ट्रा हाय मॉलिक्युलर वेट पॉलिएथिलीन. या लेखापुरते आपण त्याला यूएच म्हणू. पिशवीचे आणि याचे घराणे एकच, पण याच्या रेणूची साखळी कितीतरी लांब असते. कापडवाल्याच्या भाषेत सांगायचे तर आखूड धाग्याचा कापूस आणि लांब धाग्याचा कापूस यांतला फरक. कार्ल झीगलर या जर्मन शास्त्रज्ञाने 1953 साली ज्या संशोधनातून असे पॉलिएथिलीन शक्य केले, ते म्युलहाइम येथील कोळसा संशोधन संस्थेत झाले होते. कोळशाच्या संस्थेतून निघालेली चीज आज कोळशाच्याच कामाला लागली आहे, हा एक योगायोग.

रेपियर लूम वाढल्या तसा पिकरचा खप घटला. लेथ तीच, हात तेच, माल तोच, गिऱ्हाईक मात्र नाही. म्हणून भाच्याने विदर्भाची वाट धरली. नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ या पट्ट्यात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या कोळशाच्या खाणी आहेत, नागपूर-भंडाऱ्यात मॉयलच्या मँगनीजच्या. तेथे पट्ट्याखालचे रोलर, बुश, पट्टा खरवडून साफ करणारी पाती, चाळण्या, शूटच्या आतले अस्तर असे कितीतरी भाग आज प्लास्टिकचे लागतात.

अस्तराची गोष्ट मला सर्वात पटली. शूट म्हणजे कोळसा वरून खाली सोडणारी लोखंडी घसरण. उन्हाळ्यात कोळसा तिच्यातून खडखडत उतरतो. पावसाळ्यात तोच कोळसा भुकटी आणि चिखल घेऊन येतो आणि लोखंडाला गारा लागावा तसा चिकटून बसतो. मग माणसे सळया-घण घेऊन ठोकत बसतात आणि खालचा पट्टा रिकामा फिरतो. एका फोरमनने भाच्याला सांगितले, "शेठ, तुमचा माल जूनमध्ये बघू, आत्ता काय बघायचा?" त्याचे म्हणणे रास्त होते. यूएचच्या अस्तराला ओला माल सहसा धरून राहत नाही, खरी किंमत तेथे आहे. मात्र डोक्याएवढे दगड उंचावरून जेथे आदळतात तेथे हे अस्तर टिकत नाही, तेथे जाड रबर किंवा कठीण पोलादच पाहिजे. आणि साठ्यातला कोळसा कधी कधी आपोआप तापून धुमसतो. असा निखारा जेथून जाण्याचा संभव आहे तेथे यूएच लावणे म्हणजे मेणाचा पत्रा लावणे होय. 80 अंशांच्या वर त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही आणि 135 अंशांच्या आसपास ते वितळते. विकणाऱ्याने हे स्वतःहून सांगावे, गिऱ्हाईक विचारील याची वाट पाहू नये.

आता आमची चूक सांगतो, कारण या लेखाचे कारण तीच आहे.

कोळसा धुण्याच्या एका कारखान्याकडून भाच्याला बुशची मागणी आली. नमुना पितळेचा होता. आमच्याकडे कास्ट नायलॉनचे रॉड पडून होते. लूमवर नायलॉनचे गिअर आणि बुश वर्षानुवर्षे चालतात, मग येथे का नाही चालणार? नमुन्याबरहुकूम माप घेतले, कसून बसेल असा माल केला आणि पाठवला. दीड महिन्याने फोन आला, "मामू, सगळा माल जाम झाला." आम्हाला वाटले, बसवणाऱ्यानेच काही केले असेल. पण दोष आमचाच निघाला. नायलॉन पाणी पितो. कास्ट नायलॉन पाण्यात दीर्घकाळ राहिला तर वजनाच्या सहा-सात टक्के पाणी शोषतो आणि त्याबरोबर फुगतो. 80 मिलिमीटरच्या बुशला एखादा मिलिमीटर फुगणे काही कठीण नाही. बाहेरून घट्ट बसवलेला बुश बाहेर फुगणार कसा? तो आत फुगला आणि शाफ्टला आवळून बसला. लूमच्या शेडमध्ये कोरडे काम असते, म्हणून आम्हाला हा गुण कधी दिसलाच नाही. माल परत आला, पैसे गेले आणि गिऱ्हाईकाचे काम बंद पडले ते वेगळेच.

चाळण्यांतही हाच प्रकार आहे. तारेची जाळी म्हणजे एक विणकामच, ताणा-बाणा लोखंडाचा एवढेच. तिच्या जागी आज पॉलियुरेथेनच्या लवचिक चाळण्या बसतात. आवाज कमी, छिद्रे कमी बुजतात, टिकतातही जास्त. पण त्यांची भोके जाळीपेक्षा विरळ असतात, तेवढ्याच जागेत माल कमी गळतो, हे मालकाला आधी कळले पाहिजे. शिवाय पॉलियुरेथेन दोन जातींचे. पॉलिएस्टर जातीचे कोरड्या घासणीला उत्तम, पण सतत पाणी आणि त्यात उष्णता असेल तर हळूहळू कुजते. ओल्या कामाला पॉलिइथर जातीचे घ्यावे. दोन्ही रंगाने सारखी करता येतात, तेव्हा रंग पाहून खरेदी करणाऱ्याचे काय होणार ते उघड आहे.

तापमानाचाही हिशेब आहे. चंद्रपूरला डिसेंबरच्या पहाटे 10 अंश आणि मे महिन्यात 46-47. तीन मीटरची यूएचची शीट 30 अंशांनी तापली तर साधारण दीड सेंटिमीटर वाढते, लोखंड जेमतेम एक मिलिमीटर. थंडीत चारही बाजूंनी घट्ट आवळलेली शीट उन्हाळ्यात पापडासारखी फुगून वर येते आणि मालात अडकून फाटते. तुकडे लहान करावेत, मध्ये फट ठेवावी, बोल्टची भोके लांबट पाडावीत. एवढ्यावर काम भागते, आणि लेथवाल्याला ते कठीणही नाही.

किमतीबाबत आपली मंडळी जो गोंधळ करतात तो मला सर्वात जास्त खटकतो. प्लास्टिक किलोने घ्यायचे, किलोनेच विकायचे. 10 मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर लोखंडी पत्रा भरतो साडेअठ्ठ्याहत्तर किलो. तेवढेच यूएच भरते साडेनऊच्या आत. किलोचा भाव लोखंडाशी ताडला तर प्लास्टिक महाग वाटते, क्षेत्रफळावर ताडले तर चित्र पालटते. आणि खरा भाव तोही नाही. त्या अस्तरावरून किती टन माल गेला आणि ते बदलायला कारखाना किती तास थांबला, हा भाव. दुर्दैवाने निविदा उघडली की सर्वात कमी दर कोणाचा एवढेच पाहिले जाते. मग भेसळ आलीच.

भंगाराचे वितळवलेले साधे पॉलिएथिलीन यूएच म्हणून खपवले जाते. कापडाच्या व्यापाऱ्याला भेसळ नवी नाही. आपण सुताचे टोक जाळून पाहतो, कागदासारखा वास आला तर कापूस, काळा मणी झाला तर पॉलिएस्टर. येथेही तसेच आहे. तुकडा पाण्यात टाका. पॉलिएथिलीन तरंगते, नायलॉन आणि पॉलियुरेथेन बुडतात. मग तरंगणारी कापटी गरम करा. साधे पॉलिएथिलीन पातळ होऊन त्याची तार निघते. अस्सल यूएच काचेसारखे पारदर्शक होते, रबरासारखे लिबलिबते, पण आकार सोडून वाहत नाही. प्रयोगशाळेच्या दाखल्याची जागा ही परीक्षा घेत नाही, पण दुकानात बसल्या बसल्या निम्मी लबाडी येथेच पकडता येते.

जमिनीखालच्या खाणीत मात्र बसल्या जागेवरची परीक्षा चालत नाही. 26 सप्टेंबर 1950 रोजी इंग्लंडमधील क्रेसवेल कोळसा खाणीत फाटलेला रबरी पट्टा घासून पेटला. त्या आगीत 80 कामगार गेले, पुष्कळसे आगीने नव्हे तर विषारी वायूने. त्यानंतर पीव्हीसी मुरवलेले, आग न धरणारे पट्टे तेथे आणले गेले. आपल्याकडे अशा पट्ट्यांसाठी आय.एस. 3181 हे मानक आहे आणि जमिनीखाली वापरायच्या मालाला धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची मान्यता लागते. पट्टा अडवून खाली पोलादी ड्रम फिरवतात, तो तुटेपर्यंत घासतात, पण ज्योत किंवा निखारा दिसता कामा नये. दुसरी गोष्ट विजेची. प्लास्टिक घासले की त्यावर वीज साठते, तिची ठिणगी वायूच्या जागी काय करील ते सांगायला नको. म्हणून त्यात वीज वाहून नेणारी द्रव्ये मिसळावी लागतात. उघड्या खाणीत चालणारा साधा पांढरा रोलर "तोच आहे" म्हणून जमिनीखाली देणे हा व्यापार नव्हे. भाच्याकडे अशी मागणी एकदा आली होती. दाखला नव्हता, म्हणून मी त्याला नाही म्हणायला लावले. घरात चार दिवस अबोला होता.

या पट्ट्यांत आपल्या लोकांसाठी आणखी एक दार आहे. आग न धरणाऱ्या या पट्ट्याच्या पोटात कापडच असते. पॉलिएस्टर-नायलॉनचे, काही ठिकाणी सुताचेही, अनेक थर एकाच वेळी विणून एकमेकांत बांधलेले. साध्या लूमवर ते होत नाही, भारी यंत्र लागते. पण विणकराच्या नजरेला त्यात परके काही नाही. सरकारचे तांत्रिक वस्त्रांचे राष्ट्रीय अभियान 2020 मध्ये सुरू झाले, त्यात असे औद्योगिक कापडही येते. केंद्राच्या कंपन्यांनी आपल्या वार्षिक खरेदीतील ठराविक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा, असे धोरण 2012 पासून आहे. आधी तो 20 टक्के होता, नंतर 25 झाला. वेस्टर्न कोलफील्ड्स आणि मॉयल या दोन्ही त्यात येतात. आपल्या गाळ्यांपैकी किती जणांनी तेथे नोंदणी केली असेल, हा प्रश्न मी आमच्या गल्लीत विचारला तेव्हा दोघांनी मला नोंदणी कोठे होते तेच विचारले.

भाचा आता मागणी आली की आधी एक कागद पाठवतो. काम ओले की कोरडे, माल किती अंश तापलेला, सर्वात मोठा ढेकूळ केवढा, जागा जमिनीवर की खाली. उत्तर आल्याशिवाय तो भाव देत नाही. काही गिऱ्हाइके चिडून दुसरीकडे गेली. तो धुण्याचा कारखाना मात्र परत आला. त्यांना या वेळी यूएचचे बुश दिले आहेत, आणि त्यांची तपासणी करायला भाचा ऑगस्टमध्ये जाणार आहे.